आधी भिंत, मग टीव्ही

पत्र : आमचं घर मोरजीला, समुद्रापासून तीनेकशे मीटरवर. घराच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूने, वर पत्रा घालून बसायची जागा केली आहे. दक्षिणेला न्हाणीघराची जुनी चिऱ्याची भिंत येते, बाकी सगळं उघडं. दोन खोल्या पर्यटकांना देतो. संध्याकाळी तेही तिथेच बसतात, आम्हीही. धाकटा मुलगा बोटीवर कामाला आहे. तिथे डेकवर भर उन्हात चालणारे टीव्ही त्याने पाहिलेत. तो म्हणतो, ६५ इंची आउटडोअर टीव्ही घेऊ, सुट्टीवर येताना मीच आणतो आणि घराच्या भिंतीवर समुद्राकडे तोंड करून लावू. मिस्टर म्हणतात, घरातला ५५ इंची जुना झालाच आहे, तो त्या भिंतीवर बाहेर लावू आणि आत नवा घेऊ. जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होईल, त्याच्या आत दोघांनाही काम उरकायचंय. मला दोघांचंही पटत नाही, पण कारण देता येत नाही. खर्च पन्नास हजारांच्या वर जायला नको. — एक निवृत्त शिक्षिका, मोरजी

ताई, कारण तुमच्या पत्रातच आहे. बापलेकांचं टीव्हीवरून जमत नाही, पण भिंतीवर मात्र दोघांचं एकमत आहे, आणि नेमकी ती भिंत चुकली आहे. घराची ती भिंत पश्चिमेला तोंड करून आहे. तिथे लावलेल्या टीव्हीच्या तोंडावर ऑक्टोबर ते मे रोज दुपारी तीन-चारपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन येणार. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड त्याच तोंडावर बसणार. आणि बारा महिने खारा वारा. यातलं एकेक संकट महागड्या टीव्हीने सोसता येतं. तिन्ही एकदम अंगावर घ्यायची तर पन्नास हजारांत काहीच बसत नाही.

आधी उन्हाचं. टीव्हीच्या पडद्याचा उजेड निटमध्ये मोजतात. घरातला साधा एलईडी टीव्ही २५० ते ४०० निटच्या आसपास असतो. रात्री दिवे लावलेल्या हॉलमध्ये शंभर ते तीनशे लक्स उजेड असतो, तिथे एवढा टीव्ही झकास दिसतो. पण बाहेर नुसत्या सावलीतही दहा-वीस हजार लक्स असतात आणि थेट उन्हात लाखाच्या घरात. तुमच्या मुलाने सांगितलेली भिंत म्हणजे संध्याकाळी चार वाजता हा लाखाचा हिशोब. तिथे साध्या टीव्हीत तुम्हाला सामना दिसणार नाही. स्वतःचा चेहरा आणि मागची सुरूची झाडं मात्र स्वच्छ दिसतील. शिवाय उन्हात पडदा नुसता फिका पडत नाही, तापतोही. एका मर्यादेपलीकडे तापला की आतलं लिक्विड क्रिस्टल आपली घडी सोडतं आणि पडद्यावर काळे डाग उमटतात. थंड झाल्यावर ते जातात, पण रोज रोज असं झालं तर पॅनेल किती दिवस टिकेल ते सांगायला नको.

आता मुलाचं म्हणणं. तो सांगतो तशी वस्तू असते, हे आधी कबूल. सॅमसंगने २०२० मध्ये ‘द टेरेस’ नावाचा टीव्ही अमेरिकेत काढला, तो खास अंगणा-गच्चीसाठीच. उजेड दोन हजार निटपर्यंत, आणि पाणी-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा आयपी५५. त्या आकड्यांचा अर्थ असा : पहिला ५ म्हणजे आत शिरलेली धूळ यंत्राला अपाय करण्याइतकी नसते, दुसरा ५ म्हणजे नळीने पाण्याचा फवारा मारला तरी चालतं. पण त्या ५५ इंचीची तिथली किंमत तेव्हा साडेतीन हजार डॉलरच्या आसपास होती. रुपयांत करून बघा. आणि कंपनीने आधी काढला तोही अर्धवट सावलीच्या जागेसाठी होता. भर उन्हाचा वेगळा, आणखी महाग, नंतर आला.

शिवाय आयपीचा आकडा मिठाबद्दल काही बोलत नाही. ती चाचणी धूळ आणि पाण्याची, गंजाची नव्हे. आयपी६६ लिहिलेल्या डब्याचे स्क्रूसुद्धा किनाऱ्यावर दोन पावसाळ्यांत लाल होऊ शकतात.

डेकवर पोहण्याच्या तलावाशेजारी असतो तो भलामोठा पडदा बहुधा टीव्ही नसतोच. क्रिकेटच्या मैदानावर असतो तसला, एलईडी दिव्यांचे चौकोन जोडून केलेला पडदा असतो तो, आणि बोटीवर त्याची निगा राखायला पगारी माणसं असतात. मोरजीच्या अंगणात ते काम तुमच्या गळ्यात पडेल. बाहेरून आणण्याचंही सांगा त्याला : परदेशातून येताना फ्लॅट टीव्ही करमुक्त सामानात आणायची सोय ऑगस्ट २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा विमानतळावर ड्युटी मोजावी लागेल. वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतला तिथलीच. अमेरिकेतला घेतला तर व्होल्टेज ११०चं की आपल्या २३०वर चालणारं, हे बघायचं वेगळंच. आणि ६५ इंची टीव्ही रुंदीला जवळजवळ दीड मीटर असतो. तो विमानातून सांभाळून आणायचं धाडस त्याने केलं, तरी खोकं उघडेपर्यंत घरात कोणाचा जीव थाऱ्यावर राहणार नाही.

मिस्टरांचा पर्याय स्वस्त दिसतो, आणि निम्म्या गोव्याने तो केलाही आहे. जुना टीव्ही गेला तर गेला, हा त्यामागचा विचार. पण आधी त्या टीव्हीचं माहितीपुस्तक काढा आणि शेवटची पानं बघा. वापरायचं तापमान आणि आर्द्रता तिथे दिलेली असते. बहुतेक घरगुती टीव्हींना ४० अंशांपर्यंत तापमान आणि ८० टक्क्यांपर्यंत आर्द्रता चालते, तीही टीव्हीवर दव न धरणारी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे पावसाचा एक थेंब न लागता, नुसत्या हवेनेच तो टीव्ही कंपनीच्या अटीबाहेर जातो.

त्यात मीठ. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतः पाणी धरून विरघळायला लागतं. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाझर फुटतो तो याचमुळे. टीव्हीच्या पाठीमागच्या जाळीतून हिवाळ्या-उन्हाळ्यात जो खारट धुरळा आत जाऊन बसतो, तो पावसाळ्यात असाच ओला होतो. हे खारं पाणी वीज वाहून नेतं. सर्किटवरच्या दोन बारीक रेषांमध्ये त्याचा ओला पूल झाला की एक दिवस टीव्ही लागत नाही, आणि मेकॅनिक म्हणतो, ‘पॉवर सप्लाय गेला.’ चालू टीव्ही निदान स्वतःच्या उबेने सुकत राहतो. सर्वांत हाल होतात ते बाहेर लावून महिनोन्महिने बंद ठेवलेल्याचे. चालू टीव्हीच्या उबेला पालीही येतात. पाठीमागच्या फटीतून आत गेलेली पाल पॉवर बोर्डवर आडवी झाली की तीही जाते आणि बोर्डही.

कव्हर घालू, असं ते म्हणतील. उन्हाळ्यात धुळीसाठी घाला, पण टीव्ही पूर्ण थंड झाल्यावर. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर बाहेरचा थेंब अडवतं आणि आतली दमट हवा कोंडून ठेवतं. थोड्याच दिवसांत पडद्याच्या कडेला बुरशी दिसेल. आणि जुना टीव्ही ओएलईडी असेल तर हा विचारच सोडा. त्या पडद्याला ऊन आणि उष्णता दोन्ही सोसत नाहीत.

तर मग काय करायचं? माझं मत सरळ आहे : बाहेर टीव्ही ‘लावायचा’च नाही. बाहेर त्याची जागा करायची आणि टीव्ही घरात ठेवायचा. ४३ इंची साधा टीव्ही, चाकांच्या स्टँडवर. संध्याकाळी बाहेर, झोपताना आत. बैठकीशिवाय त्या टीव्हीचं वजन साधारण आठ-नऊ किलो असतं. स्टँडसकट तो ढकलायला एक माणूस पुरतो, आणि घराचं जोतं उंच असेल तर फळीचा उतार करून घ्या. ६५ इंचीला हे जमणार नाही. लहान टीव्ही घ्या म्हणतो तो पैशासाठी कमी आणि यासाठी जास्त. जो आत नेता येतो तोच इथे टिकतो.

एकच काळजी. टीव्ही एसी चालू असलेल्या खोलीत ठेवू नका. थंड टीव्ही एकदम दमट हवेत आणला की चष्म्यावर वाफ धरते तशी त्याच्या आत धरते. एसीच्याच खोलीत ठेवावा लागला, तर बाहेर आणल्यावर तासभर तसाच उभा ठेवा, मग चालू करा.

आणि जागा? न्हाणीघराची भिंत. तिला पाठ लावून, उत्तरेकडे तोंड करून टीव्ही उभा करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा पडद्यावर ऊन येतच नाही. एप्रिल-मेमध्ये मावळतीला तो थोडा उत्तरेकडे सरकतो आणि तिरपं ऊन कडेने येऊ शकतं. त्यासाठी भिंतीच्या पश्चिम टोकाला चार-पाच फूट रुंद आडोसा करा, बांबूची चटई किंवा फळ्यांचा. तो वाऱ्यालाही अडवेल. नैर्ऋत्येचा पाऊस त्या भिंतीच्या पाठीवर आपटेल, टीव्हीवर नाही. आणखी एक फायदा : खुर्च्या दक्षिणेकडे वळतील आणि समुद्र उजव्या हाताला राहील, म्हणजे ज्याला सामना बघायचा नाही त्याने मान वळवली की झालं. तुमच्याकडे येणारी माणसं पैसे मोजून समुद्रासाठी येतात, हे मुलाच्या लक्षात आणून द्यायला हरकत नाही.

समुद्राकडे तोंड केलेल्या प्रखर पडद्याला मोरजीत आणखी एक आक्षेप आहे. तुमचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा. नोव्हेंबर ते मार्च माद्या अंडी घालायला येतात. अंड्यातून निघालेली पिल्लं रात्री जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे चालतात. गावाकडचा दिवा दिसला तर समुद्र सोडून गावाकडे. तीनशे मीटरवरचा एक टीव्ही झाडांआडून कितीसा दिसेल, हे खरं. पण किनाऱ्याकडे रोखलेल्या उजेडात आपल्या घरची भर कशाला?

वर्ल्डकपचं तर तुमच्या बाजूनेच आहे. तो ११ जून ते १९ जुलै २०२६, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. तिथली दुपार-संध्याकाळ म्हणजे आपली रात्र आणि पहाट. म्हणजे ज्या सामन्यांसाठी ही घाई, ते बहुतेक अंधारात आणि ऐन पावसाळ्यात होणार. अंधारात साधा ३०० निटचा टीव्हीही डोळ्यांवर येतो, उजेड कमीच करावा लागतो. मग दोन हजार निटचे पैसे कशासाठी? आणि जोराची झड आली की चाकांचा टीव्ही दोन मिनिटांत आत. पोर्तुगाल खेळत असताना कोणी उठून तो आत ढकलेल की नाही, हा घरातला प्रश्न आहे, त्यावर माझ्याकडे सल्ला नाही.

प्रोजेक्टरचा विचार तुमच्यापैकी कोणीतरी करेलच. अंधारात पांढऱ्या भिंतीवर शंभर इंची चित्र पन्नास हजारांच्या आत मिळतं, हे खरं. पण सूर्य मावळायच्या आधी त्यावर चित्र फिकट दिसेल, पहिल्या पावसानंतर सगळ्या वाडीचे पाखरू-किडे त्या भिंतीवर येतील, आणि आतला पंखा दमट हवा ओढत राहील. तुमच्यासाठी नको.

दुकानात गेल्यावर आकड्यांच्या मागे लागू नका. शोरूममध्ये सगळे टीव्ही डोळे दिपतील अशा मोडवर ठेवलेले असतात. विक्रेत्याला स्टँडर्ड मोडवर आणायला सांगा आणि मग बघा. समोर उभं न राहता अगदी कडेला जाऊन बघा, कारण अंगणात माणसं ओळीत बसत नाहीत, विखरून बसतात. आयपीएस जातीच्या पॅनेलचा रंग कडेने बघताना कमी बिघडतो, व्हीए जातीच्या पॅनेलचा लवकर फिका पडतो. अंधाऱ्या खोलीत व्हीए सरस, तुमच्यासाठी आयपीएस. आरशासारख्या चकचकीत पडद्यापेक्षा चमक नसलेला, किंचित मंद दिसणारा बरा. आठ-दहा फुटांवरून ४३ इंचीत फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक फारसा कळत नाही, त्यामुळे त्यासाठी जादा पैसे मोजू नका. आकाराबद्दल मात्र एक गोष्ट तुमच्या बाजूने झाली आहे : ३२ इंचांवरच्या टीव्हीवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. टीव्ही, स्टँड, छोटा साउंडबार आणि विजेचं काम, सगळं मिळून पन्नास हजारांत बसावं.

साउंडबार लागेल, कारण उघड्यावर आवाज परतवायला भिंती नसतात आणि आजकालच्या टीव्हीचे स्पीकर पाठीमागे किंवा खाली तोंड करून असतात. तो टीव्हीच्याच स्टँडवर, एचडीएमआयच्या एआरसी पॉइंटला (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या) जोडा. ब्लूटूथने जोडलात तर गोल आधी दिसेल आणि आरडाओरडा नंतर ऐकू येईल. पण आवाज बेताने : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे जवळपास कुजबुजीच्या वरचा आवाज. मध्यरात्रीच्या सामन्याला दारं-खिडक्या नसलेल्या जागेत हे पाळणं अवघड आहे. शेजाऱ्यांना बोलवा, तेवढाच उपाय.

विजेच्या कामात मात्र काटकसर करू नका. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर सोडून टीव्ही चालवायचा, हे ओल्या फरशीवर अनवाणी फिरणाऱ्या घरात मुळीच नको. न्हाणीघराच्या भिंतीवर, जमिनीपासून चार फूट वर, झाकणाचा पावसाळी सॉकेट बसवून घ्या, त्याची वायर पाइपातून. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच; गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. जुन्या घरात अर्थिंग नुसतं नावाला असतं, ते वायरमनकडून मोजून घ्या. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारं उपकरण, अर्थिंगशिवाय कामाचा नाही, हेही त्याला माहीत असेल. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात वीज कडाडायला लागली की कोणत्याही प्रोटेक्टरवर विसंबू नका : प्लग काढा आणि डिशची केबलही काढा. छपरावरच्या डिशमधून आलेली वीज सेट-टॉप बॉक्समार्गे टीव्हीत शिरते, ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मिस्टरांनी तरीही भिंतीवरच टांगायचा हट्ट धरला, तर न्हाणीघराच्या भिंतीवर, ऑक्टोबर ते मेपुरता, आणि तिथेही एक अडचण आहे. जुन्या चिऱ्यात ड्रिल मारलं की भोक मोठं होतं आणि प्लॅस्टिकचा प्लग फिरत राहतो. आरपार बोल्ट घालून पलीकडून पट्टी द्यावी लागेल, किंवा आधी जाड फळी आठ-दहा ठिकाणी पकडून तिच्यावर ब्रॅकेट. ब्रॅकेटबरोबर आलेले स्क्रू फेकून द्या आणि ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. ३०४चं स्टेनलेस किनाऱ्यावर डाग धरतं.

पर्यटकांसाठी वापरणार असाल तर खरेदी करतानाच एक विचारून घ्या. बहुतेक कंपन्यांची घरगुती वॉरंटी व्यावसायिक वापराला लागू होत नाही, आणि डिश-केबलचं घरगुती कनेक्शनही पाहुण्यांना दाखवायचं नसतं. खोल्या देतो असं दुकानदाराला आधी सांगा, तो काय म्हणतो ते बिलावर लिहून घ्या, आणि मॉडेलचा पूर्ण नंबरही.

घरातला जुना ५५ इंची आहे तिथेच राहू दे.